जिल्हा जालना, खासदार परभणीचा

मतदारसंघांचे नकाशे न्याहाळायचा मला जुना नाद आहे. घनसावंगीपाशी बोट दरवेळी अडतं. समर्थांचं जांब याच तालुक्यातलं. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद सगळं जालन्याला. लोकसभेचं मत मात्र परभणीच्या खात्यात. परतूरचंही तसंच, पण १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतूनच आलं होतं. त्याला परभणी म्हणजे माहेर. घनसावंगी जुन्या अंबड तालुक्याचं, औरंगाबादकडचं. 'आमचा खासदार परभणीचा का?' हा सवाल तिथं रास्तच आहे.

पुढाऱ्यांचं कारस्थान, हा त्यावरचा ठरलेला जबाब. मला सापडली ती बेरीज. राज्यात आमदार २८८, खासदार ४८. म्हणजे एका लोकसभेला सहा विधानसभा, आणि कायद्यानं कुठलीही विधानसभा दोन लोकसभांत फोडता येत नाही. मतदारसंघांच्या गेल्या फेररचनेत औरंगाबाद जिल्ह्यात नऊ, जालन्यात पाच, परभणीत चार. एकूण अठरा, बरोब्बर तीन खासदार. औरंगाबादनं सहा ठेवल्या. सिल्लोड, फुलंब्री, पैठण जालन्याला आल्या. जालन्याच्या झाल्या आठ. परभणीला दोन हव्याच होत्या. बीडच्या सहा बीडलाच पुरल्या, हिंगोलीच्या तीनच, तिलाच नांदेड-यवतमाळकडून भर घालावी लागली. राहिलं जालना. म्हणून पैठणचा मतदार जालन्याचा खासदार निवडतो आणि घनसावंगीचा निवडत नाही! अंबड नावाचा विधानसभा मतदारसंघही याच फेरीत पुसला गेला. २००४ ला अंबडमधून निवडून आलेले राजेश टोपे २००९ ला घनसावंगीचे आमदार झाले.

ही फेररचना न्या. कुलदीप सिंग आयोगाची, २००१ च्या जनगणनेवर बेतलेली, १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू. आयोगाला प्रत्येक मोठ्या राज्यातून दहा सहयोगी सदस्य, पाच खासदार नि पाच आमदार. त्यांना बोलायची मुभा. मत द्यायची किंवा निर्णयावर सही करायची नाही.

मग कोर्ट? इथं मला भेटले उज्जैनचे मेघराज कोठारी. दौलतगंजचे रहिवासी. १९६४ च्या अधिसूचनेनं उज्जैनची लोकसभा जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि तिथून उभं राहायचा त्यांचा हक्क गेला. हायकोर्टात हरले, सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर १९६६ मध्ये निकाल लागला: आयोगाचा आदेश राजपत्रात आला की तो कायद्याच्याच तोलाचा, त्याला आव्हान नाही, नाहीतर कोणीही मतदार उठून निवडणुका अडवील. युक्तिवाद व्यवहारी आहे, पण एका माणसाची तक्रार खरी की खोटी हे त्यात कुणी तपासलंच नाही. कोठारींचं नाव पुढं जवळजवळ प्रत्येक फेररचना-खटल्यात आलं, ते दरवाजा बंद करण्यासाठी. जुलै २०२४ मध्ये गुजरातेतल्या बारडोलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो जरासा किलकिला केला: आदेश उघड मनमानी नि घटनाविरोधी असेल तर कोर्ट पाहू शकतं. घनसावंगीचा गुंता मनमानी ठरणार नाही, असं माझं मत. बेरीज आडवी येईल.

आरडाओरड मात्र चालते. आदिवासींच्या राखीव जागा कमी होतात म्हणून झारखंड पेटलं, तर २००८ मध्ये कायदाच दुरुस्त करून त्या राज्यातली फेररचना थांबवली गेली. मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांसाठी एवढी तसदी कोण घेणार?

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्येच निघाली आहे. पुढच्या फेररचनेचा मसुदा राजपत्रात येईल तेव्हा घनसावंगीकरांनी हरकत जरूर नोंदवावी, आणि 'अन्याय झाला' एवढ्यावर न थांबता जालन्याच्या सहा कोणत्या नि परभणीच्या सहा कोणत्या, ते अर्जात लिहून द्यावं.