आंबा बागायतदार व विक्रीचे शिक्षण

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील हापूस बागायतदारास मोहोर कसा राखावा, हे शिकवावे लागत नाही. परंतु दलालाच्या उचलीवर व्याज किती पडते, असे विचारल्यास बहुधा ‘व्याज नाही’ असे उत्तर मिळते. हिशेब व विक्री शिकविणारे वर्ग भरविले, तर उपस्थिती अल्प असते. ‘शेतकऱ्यांस आस्था नाही’ असा शेरा मारून कार्यकर्त्याने मोकळे होणे मात्र योग्य नव्हे.

पहिली अडचण वेळेची. थंडीत फवारण्या, मार्च ते मे तोडणी, पाऊस पडताच भातलावणी. मी स्वतः एकदा एप्रिलात वर्ग ठेवला होता. आले ते बहुतेक कलमे नसलेले! लावणी आटोपल्यापासून भातकापणीपर्यंतचा काळ, गणपतीचे दिवस वगळून, त्यातल्या त्यात सोयीचा.

शिवाय बोलावणे सातबाऱ्यावरील नावाने जाते. ते नाव पुष्कळदा मुंबईस नोकरी करणाऱ्या भावाचे असते. फळे निवडणारी, अढी लावणारी, पेट्या मोजणारी घरची स्त्री यादीत नसते. बोलावणे कुटुंबास द्यावे व वर्ग वाडीतच भरवावा.

सर्वांत कठीण अडचण उचलीची. औषधे व खोकी यांसाठी हंगामापूर्वी वाशीच्या दलालाकडून रक्कम घेतली, की माल त्यालाच जातो. २०१६ साली राज्यात फळे व भाजीपाल्याची बाजार आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त झाली. परंतु उचल घेतलेल्यास ती मोकळीक कागदावरच राहते. ‘मग भावाचे शिक्षण घेऊन काय करू?’ असे तो विचारतो. त्याचे म्हणणे खोटे नाही.

म्हणून वर्गाचा आरंभ व्याख्यानाने न करता, मागील हंगामाच्या पट्टीने करावा. उचल न घेतलेल्या शेजाऱ्याची त्याच दिवसाची पट्टी शेजारी ठेवावी. फळांची प्रत व पेटीतील डझन सारखे असावेत. समजा, पेटीमागे १५० रुपयांचा फरक निघाला व १०० पेट्या गेल्या, तर १५,००० रुपये झाले. उचल १ लाखाची व मुदत सहा महिन्यांची असेल, तर सहामाही शेकडा १५ व्याज पडले. पीककर्जाचा दर त्याखाली लिहून दाखवावा. फरक न निघाल्यास तेही स्पष्ट सांगावे; सर्वच दलाल सारखे नसतात.

मात्र पट्ट्या जपून ठेवण्यास तोडणीपूर्वीच सांगणे आवश्यक आहे. श्रावणात मागावयास गेल्यास त्या बहुधा चुलीत गेलेल्या असतात.