समीकरणे चार झाली की

महाराष्ट्राच्या दहावीच्या बीजगणितातले पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. एका चलाचा लोप करायचा, आलेखावर दोन रेषा काढून त्यांचा छेदनबिंदू वाचायचा, किंवा निश्चयक मांडून क्रेमरच्या पद्धतीने उत्तर काढायचे, अशा वाटा त्यात शिकवल्या जातात. कोणत्याही वाटेने गेले तरी उत्तर तेच आणि कष्टही साधारण तेवढेच. त्यामुळे कोणती पद्धत वापरायची हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, असे मुलांच्या मनात पक्के बसते. अकरावी-बारावीत तीन चले येतात आणि शाळेतला हा प्रवास तिथेच थांबतो. तो एक पायरी अलीकडे थांबतो, असे माझे म्हणणे आहे. चार चलांची चार समीकरणे प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वहीत, हाताने सोडवावीत. पद्धतीचा कस लहान उदाहरणात लागत नाही, आणि कस लावल्याशिवाय पद्धत कळली असे म्हणता येत नाही.

हे आकड्यांतच पाहू. दोन चलांसाठी ओळीने लोप करत गेल्यास ६ गुणाकार-भागाकार पडतात, क्रेमरच्या पद्धतीने ८. फरक नगण्य. तीन चलांना लोपाने १७ पुरतात, तर निश्चयकांचा विस्तार करत गेल्यास ३९ लागतात. तरीही तक्रार करावी असे काही नाही. चारला मात्र ३६ विरुद्ध २०४ असा सामना होतो आणि पाचला ६५ विरुद्ध १२३५. दहा चलांना लोप ४३० क्रियांत उरकतो, तर निश्चयकांचा विस्तार ६ कोटी ८५ लाखांच्या वर जातो. वीस चलांची गोष्ट तर संगणकाच्याही हाताबाहेरची आहे. सेकंदाला शंभर कोटी गुणाकार करणाऱ्या यंत्रालाही विस्ताराच्या वाटेने अडीच हजारांहून जास्त वर्षे लागतील, आणि लोपाला जेमतेम तीन हजार क्रिया. यावर कोणी म्हणेल की निश्चयकही ओळी एकमेकींतून वजा करून झटपट काढता येतो. येतो खरा, पण मग ते काम लोपाचेच झाले, फक्त नाव वेगळे. क्रेमरचे सूत्र निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. निश्चयक शून्य नसेल तर उत्तर एक आणि एकच, हे ते एका ओळीत सांगते. पण उत्तर आहे हे सांगणे निराळे आणि ते हाती देणे निराळे. हा भेद दोन चलांच्या उदाहरणात दिसूच शकत नाही.

आता प्रत्यक्ष वहीत काय घडते ते पाहू. समजा समीकरणे अशी आहेत: अ + ब + क + ड = १०; २अ + ३ब + क + २ड = १९; अ + २ब + ३क + ड = १८; ३अ + ब + २क + ४ड = २७. दोन चलांची सवय असलेला विद्यार्थी इथे जिथे सोपे दिसेल तिथे हात घालतो. एका जोडीतून ड घालवतो, दुसऱ्या जोडीतून ब, आणि अर्ध्या पानानंतर पुन्हा निघालो तिथेच येतो. चार चलांत अशी मनमानी चालत नाही. अक्षरे बाजूला ठेवून नुसते सहगुणक रकान्यांत मांडायचे आणि पहिल्या ओळीच्या मदतीने खालच्या तिन्ही ओळींतला अ काढून टाकायचा. दुसरीतून पहिलीची दुप्पट वजा केली की उरते ०, १, -१, ० आणि उजवीकडे -१. तिसरीतून पहिली वजा केली की ०, १, २, ० आणि ८. चौथीतून पहिलीची तिप्पट गेली की ०, -२, -१, १ आणि -३. मग तसाच ब, त्यानंतर क. शेवटच्या ओळीत फक्त ड = ४ उरतो. तिथून खालून वर किमती भरत आले की क = ३, ब = २, अ = १. चारही मूळ समीकरणांना या किमती लागू पडतात.

या कामात चूक टाळण्याची जुनी युक्ती आहे, ताळ्याच्या रकान्याची. प्रत्येक ओळीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज शेवटी लिहून ठेवायची. वरच्या चार ओळींच्या बेरजा १४, २७, २५ आणि ३७. ओळीवर जी क्रिया कराल तीच या बेरजेवरही करायची. दुसऱ्या ओळीत २७ मधून २८ गेले, उरले -१. नव्या ओळीतल्या आकड्यांची बेरीजही -१. ताळा जुळला, पुढे चला. जुळला नाही, तर चूक याच ओळीत आहे, मागचे पान उलटायची गरज नाही. उदाहरण उतरवून घेतानाच आकडा चुकला असेल तर तो अर्थातच यात सापडत नाही. त्यासाठी शेवटी मूळ समीकरणांत किमती घालून पाहाव्याच लागतात.

ही शिस्त फार जुनी आहे. चीनमधल्या हान काळातल्या ‘नऊ प्रकरणे’ या गणितग्रंथाचे आठवे प्रकरण याच विषयाचे आहे. उत्तम, मध्यम आणि हलक्या पिकाच्या पेंढ्यांतून किती धान्य निघते, असे तीन अज्ञातांचे गणित त्यात आहे आणि बेरजा आहेत ३९, ३४ आणि २६. मोजणीच्या काड्या रकान्यांत मांडून एकामागून एक अज्ञात काढून टाकायचे. लिऊ हुई याने इ. स. २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिले. आपल्याकडे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त अनेक अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देऊन त्यांची समीकरणे सोडवली. गाउसने १८१० च्या सुमारास पॅलास या लघुग्रहाची कक्षा ठरवताना सहा अज्ञातांचा असाच ओळीने लोप केला. आज ही पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते.

सगळ्यात जोरकस आक्षेप असा, की आता हे काम संगणक करतो, मग मुलांचे हात कशाला शिणवायचे? अमेरिकेत अ‍ॅटानासॉफ आणि बेरी यांनी १९४२ पर्यंत घडवलेले यंत्र मुळी २९ एकसामयिक समीकरणे सोडवण्यासाठीच होते. १९४९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ लिओन्तिएफ यांनी अमेरिकी अर्थव्यवस्थेची ४२ समीकरणे हार्वर्डच्या ‘मार्क टू’ला दिली, तेव्हा उत्तराला ५६ तास लागले. आज तेच काम पापणी लवते न लवते तोच होते. म्हणून वेगासाठी हाताने सोडवा, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न उत्तरावर किती विसंबायचे हा आहे. अ + ब = २ आणि अ + १.००१ब = २ यांचे उत्तर अ = २, ब = ०. दुसऱ्या समीकरणात २ ऐवजी २.००१ आले की दोन्ही किमती १ होतात. मोजमापातल्या हजारांशाच्या फरकाने उत्तर एककाने सरकले. नुसते उत्तर पाहणाऱ्याला दोन्ही वेळा सारखेच ठाम आकडे दिसतील. पण ज्याने हाताने लोप केला त्याला मध्येच दिसते की सगळी मदार ०.००१ ने भागण्यावर आहे, आणि तो सावध होतो. ओळ पूर्ण शून्य झाली, किंवा डावीकडे शून्य आणि उजवीकडे पाच उरले, तर त्याचा अर्थही त्यालाच उमगतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो आणि तो रास्त आहे. तासिका कमी, परीक्षेत चार चले येत नाहीत, आणि एक वजाबाकी चुकली की सगळे पान वाया. पण म्हणूनच हे परीक्षेत नको, वर्गात हवे. परीक्षेत चुकलेली वजाबाकी गुण घालवते. वर्गात ताळ्याच्या रकान्याने ती दोन मिनिटांत सापडते, आणि आपली चूक आपणच शोधण्याची सवय गणितात इतक्या स्वस्तात इतरत्र क्वचितच मिळते. उदाहरण असे निवडावे की उत्तरे पूर्णांकात येतील, म्हणजे लक्ष अपूर्णांकांत न अडकता क्रमाकडे राहील. गणिताच्या शिक्षकांनी या वर्षी एक जोडतास बाजूला काढावा, फळ्यावर चार समीकरणे लिहावीत, आणि शेवटच्या उत्तराइतकेच श्रेय प्रत्येक जुळलेल्या ताळ्याला द्यावे.