गांवाचा जमाखर्च कोणीं वाचावयाचा?

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या प्रत्येकास घरच्या जमाखर्चाची ती लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची वही आठवत असेल. आमच्या आजोळीं ती थोरल्या मामांच्या फडताळांत असे आणि फडताळाची किल्ली मामांच्या जानव्यास असे. मामा करारी, निर्व्यसनी व अत्यंत प्रामाणिक; परंतु आपण कोणास हिशेब दाखवावा ही कल्पनाच त्यांस खपत नसे. "मी काय घर बुडवितों आहें?" एवढा एकच प्रश्न ते टाकीत आणि विचारणाराची वाचा बसे.

पुढें व्हावयाचें तेंच झालें. धाकट्या भावांच्या मनांत किंतु आला, जावाजावांच्या बोलण्यांत तो उमटला, एका दिवाळींत ओटीवरच शब्दास शब्द लागला आणि महिन्याभरांत चुली वेगळ्या झाल्या. मामा वारल्यावर त्यांच्या मुलानें ती वही सर्वांसमोर उघडली. तींत धाकट्या दोघां भावांच्या शिक्षणाचा, बहिणींच्या बाळंतपणांचा, पुतणीच्या लग्नाचा खर्च पैन्‌पै मांडलेला होता. आणि जमेच्या बाजूस मामींच्या पाटल्या व गोठ गहाण टाकून आणलेली रक्कम होती. ते दागिने पुढें कधींच सुटले नव्हते. वही वाचतांना धाकटे मामा लहान मुलासारखे रडले. ज्या माणसानें घरासाठीं बायकोचें सोनें घालविलें, त्याच्यावरच आपण वीस वर्षें संशय घेतला, हें त्यांस तेव्हां कळलें. वही उघडी असती तर चूल फुटली नसती.

हिशेब उघडा असावा तो चोर पकडण्यासाठीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाहीं. परंतु अर्धीच खरी आहे. झांकलेल्या वहीच्या आड चोर लपतो हें खरें. त्याच वहीच्या आड प्रामाणिक माणसाचें नांवही बुडतें. आणि जें घराचें, तेंच गांवाचें.

आम्ही हें लिहितों आहों तें सोयगांव डोळ्यांसमोर ठेवून. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, खानदेशच्या बाजूस वसलेलें हें तालुक्याचें गांव. येथील प्रत्येक घर घरपट्टी भरतें, पाणीपट्टी भरतें, आणि गटार, दिवाबत्ती, नळ व रस्ता यांवरून रोज कांहीं ना कांहीं बोलतें. परंतु गेल्या वर्षीं गांवाच्या तिजोरींत किती आलें आणि तें कशावर गेलें, असें विचारल्यास शिकल्यासवरल्या घरांतही उत्तर मिळणें कठीण. मग आंकड्यांची जागा तर्क घेतो आणि ओटीवर बसल्या बसल्या निकाल लागतो कीं, "सगळे खातात." असें म्हणणाऱ्यानें वही पाहिलेली नसते आणि ज्याच्याविषयीं तो म्हणतो त्यानें ती दाखविलेली नसते. आमच्या आजोळची ओटी ती हीच.

सार्वजनिक हिशेब लोकांसमोर ठेवण्याची कल्पना आपल्याकडे पश्चिमेकडून आली, असें पुष्कळांस वाटतें. त्यांनीं आपल्याच प्रांतांतील लेण्यांकडे वळावें. अजिंठ्याचीं लेणीं सोयगांव तालुक्यांतच आहेत. तेथें दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादि याचें नांव दाता म्हणून कोरलेलें आहे, आणि सोळाव्या लेण्यांत वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. देणाराचें नांव दगडावर राहिलें. पण किती दिलें व तें कसें खर्चावयाचें, हें तेथें कळत नाहीं. तें पाहण्यासाठीं नाशिकच्या पांडवलेण्यांत गेलें पाहिजे.

तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा लेख आहे. त्यानें लेण्यांतील भिक्षूंसाठीं ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकीं २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानें, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजानें. मुद्दल मोडावयाचें नाहीं, फक्त व्याज वापरावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रांसाठीं द्यावयाचे. आतां वाचकांनीं स्वतःच बेरीज करून पाहावी. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्यास वीस, वर्षास २४०. वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा, म्हणजेही २४०. जमा आणि खर्च तंतोतंत जुळतात! शिवाय लेख असेंही सांगतो कीं, हें सर्व निगमसभेंत, म्हणजे नगराच्या सभेंत, जाहीर केलें आणि रिवाजाप्रमाणें नोंदणीच्या फलकावर चढविलें.

उघड्या हिशेबाचीं तीन लक्षणें ह्या एका लेखांत आहेत. रक्कम सांगितलेली असावी, ती कोठून येणार व कोणास जाणार हें ताडून पाहतां येईल असें मांडलेलें असावें, आणि तें सभेंत वाचून दाखविलेलें असावें. ह्यांतील एक जरी गळलें तरी हिशेब झांकलेलाच राहतो.

चौथें लक्षण मराठवाड्याच्या इतिहासानें शिकविलें आहे, तें भाषेचें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यांत होता. दरबारची भाषा आधीं फारसी व मग उर्दू. सारा भरणाऱ्या बहुसंख्य रयतेची मराठी. कागद समोर ठेवला तरी तो वाचून देण्यास दुसऱ्याचें तोंड पाहावें लागे. आज कागद मराठींत आहेत. परंतु 'बंधित निधी', 'अबंधित निधी', 'लेखाशीर्ष' हे शब्द सामान्य गृहस्थास फारसीहून फार जवळचे नाहींत. वस्तुतः अर्थ साधा आहे. ज्या पैशाचें काम वरून ठरवून दिलें तो बंधित. जो गांवानें आपल्या गरजेप्रमाणें खर्चावयाचा तो अबंधित. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ ह्या काळांतील ग्रामपंचायतींच्या अनुदानांत शेकडा साठ भाग पाणी व स्वच्छता ह्यांसाठीं बांधलेला होता आणि शेकडा चाळीस मोकळा. एवढें ठाऊक असणारी गृहिणी ग्रामसभेंत नेमका प्रश्न विचारूं शकते: साठांतलें आमच्या आळीच्या नळासाठीं काय झालें?

आंकडे वाचणें हें विद्वानांचें काम, सामान्यांचें नव्हे, असाही एक आक्षेप ऐकूं येतो. नामदार गोखले यांनीं १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अर्थसंकल्पावर जें पहिलें भाषण केलें, त्यानें सरकारच्या शिलकेचा डौल उतरला. तिजोरींत शिल्लक दिसते ती रयत सुखी आहे म्हणून नव्हे, कर गरजेहून जड आहेत म्हणून, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखविलें. ह्या अभ्यासांत त्यांस मोठें साह्य होतें तें गणेश व्यंकटेश जोशी यांचें. आणि जोशी हे शाळेंत शिकविणारे शिक्षक होते. साम्राज्याचा जमाखर्च ज्या मराठी शिक्षकास उलगडला, त्याच्या वारसांस गांवाचा उलगडूं नये, हें पटत नाहीं.

त्याहून आधींचें उदाहरण महात्मा फुले यांचें. ते पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चावे अशी सूचना आली. जोतीरावांनीं एकट्यानें तींस विरोध केला; हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें. ठराव मंजूर झाला, विरोध हरला. पण खर्च व्हावयाच्या आधींच कोणीतरी बोललें, हें महत्त्वाचें. अंदाजपत्रक पाहावयाचें तें ह्यासाठीं. खर्च झाल्यावर फक्त दोष दाखवितां येतो. आधीं कळलें तर दिशा बदलतां येते. पुण्याच्याच महानगरपालिकेनें २००६ पासून नागरिकांकडून आपल्या भागांतील लहान कामांच्या सूचना अंदाजपत्रकासाठीं मागविण्याची प्रथा घातली, तींतील मर्म हेंच होय.

आतां सोयगांवच्या घरांनीं प्रत्यक्ष काय करावें? खेड्यांतील वाचकांचें काम सोपें आहे. फर्दापूर, बनोटी, सावळदबारा अशा गांवांस ग्रामसभा आहे. नव्या आर्थिक वर्षांतील पहिल्या ग्रामसभेपुढें मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचीं योजिलेलीं कामें आणि लेखापरीक्षकाचे आक्षेप व त्यांस दिलेलीं उत्तरें ठेवलीं पाहिजेत, असा कायदाच आहे. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याचीही तरतूद आहे. ह्या सभांस शंभर मतदार किंवा शेकडा पंधरा, यांपैकीं कमी असेल तेवढी उपस्थिति लागते. आणि तेवढींही माणसें न जमल्यानें सभा तहकूब होते, हा दोष पंचायतीवर कसा लादावा?

खुद्द सोयगांवची स्थिति मात्र निराळी आहे. येथें आतां नगरपंचायत आहे, आणि नगरपंचायतीस ग्रामसभा नसते. अंदाजपत्रकावर सतरा निवडून दिलेले सभासद बोलतात. सर्व मतदारांनीं एकत्र बसून वर्षाचा हिशेब ऐकावा अशी बैठक राहिली नाहीं. गांव मोठें झालें आणि वही वाचावयाची ओसरी गेली! ह्या हानीची चर्चा कोठें झालेली आमच्या ऐकण्यांत नाहीं. म्हणूनच ती येथें बोलून दाखवावीशी वाटली.

ती हानि भरून काढण्याचीं साधनें आहेत. महाराष्ट्रानें माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ सालींच केला आणि २००५ मध्यें सर्व देशासाठीं झालेल्या कायद्यानें त्याची जागा घेतली. ह्या कायद्याच्या चौथ्या कलमान्वयें प्रत्येक सार्वजनिक संस्थेनें आपलें अंदाजपत्रक, योजिलेला खर्च आणि वांटलेल्या रकमांचा तपशील, कोणीं न मागतांच प्रसिद्ध करावयाचा आहे. न केल्यास दहा रुपयांचा अर्ज पुरतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. अर्ज दीडशें शब्दांच्या आंत व एकाच विषयाचा असावा, एवढें ध्यानांत ठेवावें. पंधराव्या वित्त आयोगानें तर अशी अटच घातली होती कीं, जी स्थानिक संस्था आपले हिशेब लोकांस पाहतां येतील असे संगणकीय जाळ्यावर ठेवणार नाहीं, तिला अनुदान मिळावयाचें नाहीं. ग्रामपंचायतींच्या योजना व खर्च 'ई-ग्रामस्वराज' ह्या सरकारी संकेतस्थळावर २०२० पासून कोणासही घरबसल्या पाहतां येतात. शंभराहून अधिक किलोमीटरवरील जिल्ह्याच्या ठिकाणीं खेटे घालण्याचें त्यासाठीं कारण नाहीं. घरांतील महाविद्यालयीन मुलाच्या हातांतील यंत्र पुरेसें आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना. कागदावरचा आंकडा म्हणजे जमिनीवरचें काम नव्हे. राजस्थानांतील पाली जिल्ह्यांत कोट किराना येथें २ डिसेंबर १९९४ रोजीं मजूर किसान शक्ति संघटनेनें पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी कामांवरील मजुरांचे हजेरीपट गांवकऱ्यांसमोर मोठ्यानें वाचले गेले, आणि ज्यांचीं नांवें वाचलीं त्यांनींच उठून, आपण त्या कामावर गेलोंच नव्हतों, असें सांगितलें. लेखापरीक्षकास जें दिसलें नसतें, तें अक्षरशत्रु माणसांच्या कानांनीं पकडलें. म्हणून यादी हातीं आली कीं संध्याकाळच्या फेरीला ती बरोबर न्यावी. गटार लिहिलें आहे तेथें गटार आहे काय, दिवा लिहिला आहे तेथें तो लागतो काय, एवढेंच पाहावें. आणि काम चांगलें झालें असेल तर तेंही चारचौघांत बोलावें. चांगल्या कारभाऱ्यास ही शाबासकी देण्यासाठींही वही वाचलेली असावी लागते.

अशानें गांवांत तंटे वाढतील, अशी भीति कित्येक वडीलधारीं माणसें बोलून दाखवितात. त्यांस आम्ही पुन्हां आमच्या मामांकडे नेतों. तंटा वही उघडल्यानें झाला नाहीं. ती वीस वर्षें मिटलेली राहिल्यानें झाला. वही उघडली त्या दिवशीं तर तो मिटला. फक्त ज्याची माफी मागावयाची तो माणूस उरला नव्हता.

आमची सूचना लहानशीच आहे. आर्थिक वर्ष एक एप्रिलला उघडतें, आणि गुढीपाडवाही त्याच सुमारास येतो. त्या आठवड्यांतील एका संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं, सुना-मुलींसह, गांवाचें अंदाजपत्रक व मागील वर्षाचा जमाखर्च समोर घेऊन बसावें. एकानें वाचावें, एकानें बेरीज करावी, आणि जें उमगलें नाहीं तें कागदावर लिहून दुसऱ्या दिवशीं कचेरींत नेऊन सौम्य शब्दांत विचारावें. तासाभराचें काम आहे. थोरल्या मामांची ती वही आतां धाकट्या मामांच्या घरीं, ओटीवरील कोनाड्यांत, उघडीच ठेवलेली असते.