खाज उशिरा येते, उशिराच जाते

लग्नसराईत वा सुटीत जळगाव-धुळ्याकडील एकत्र कुटुंबांत पाहुण्यांची वर्दळ असते. एकाच अंथरुणावर चार-चार मुले झोपतात. महिनाभराने एखाद्याच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुटकुळ्या उठतात व रात्री खाज असह्य होते. ही खरूज. ‘आमच्या स्वच्छ घरात ही आली कशी?’ या संकोचापोटी ती लपविली जाते आणि घरभर पसरते. वस्तुतः ती प्रामुख्याने निकट स्पर्शातून लागते. स्वच्छ घरही तिला अपवाद नाही.

खरजेची कीड अर्धा मिलिमीटरही लांब नसते. मादी त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. सामान्यतः रुग्णाच्या अंगावर अशा दहा-पंधराच किडी असतात. मग एवढी खाज कशाची? ती मुख्यतः आपल्याच रोगप्रतिकारक पेशींच्या लढ्याची असते. किडीची लाळ, विष्ठा व अंडी यांतील परकी प्रथिने ओळखून प्रतिकार उभारण्यास शरीराला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. मग टी-पेशी व इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि दाह सुरू होतो. पुन्हा लागण झाल्यास जुनी ओळख कामी येते. एक ते चार दिवसांतच खाज सुटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून हा फरक स्पष्ट झाला.

म्हणूनच खाज नसलेल्या सदस्याच्याही अंगावर कीड असू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच रात्री ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावावे, सकाळी स्नान करावे व आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ही मुले व गर्भवती यांच्याविषयी आधी विचारून घ्यावे. कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. न धुता येणाऱ्या वस्तू आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवाव्यात.

कीड मेल्यावरही तिचे अवशेष त्वचेत राहतात, म्हणून दोन ते चार आठवडे खाज उरू शकते. तेवढ्यावरून मलम वारंवार चोपडू नये. स्टेरॉइडमिश्रित ट्यूब तर स्वतःहून मुळीच आणू नये. ती लढणाऱ्या पेशींनाच दाबते; खाज शमते, लक्षणे झाकली जातात, कीड मात्र वाढत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. घरात मात्र तिची उपेक्षा नको. एक नोंद राहिली तर वहीचा ताळा जुळत नाही. तसेच एक माणूस उपचाराविना राहिला, तर खरूज पुन्हा घरात फिरू लागते.