विणकाम : काय विणावे, कशाने विणावे, काय द्यावे

दिवाळीची सुट्टी संपून नाताळ जवळ येऊ लागला म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील काही मुली, व अलीकडे दोन-चार मुलगेही, दप्तरातून सुया आणि लोकरीचे गुंडे घेऊन येतात. मधल्या सुट्टीत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काय विणू?” आणि दुसरा, “कोणती लोकर आणू?” पालकही विचारतात की, मुलीला विणकामाची आवड आहे, तर वाढदिवसास तिला काय द्यावे? ह्या तिन्ही प्रश्नांचा विचार येथे थोडक्यात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या तान्ह्या भावाकरिता शुद्ध लोकरीचा स्वेटर विणला. दीड महिना ती रोज रात्री अभ्यास आटोपून विणीत बसे. स्वेटर बाळाच्या अंगात दोनदा गेला. तिसऱ्या दिवशी तो घरच्या इतर कपड्यांबरोबर गरम पाण्यात धुतला गेला व बाहुलीच्या अंगास येईल एवढा होऊन बाहेर आला. आईला वाईट वाटले, आणि मुलीने सुया पेटीत टाकून दिल्या. “मला हे येतच नाही,” असे ती आम्हास म्हणाली. वस्तुतः तिच्या विणीत एकही टाका चुकला नव्हता. चुकली होती ती निवड. आणि ती कशी करावी हे तिला आम्हीच सांगितले नव्हते.

असे का झाले? लोकरीच्या प्रत्येक केसावर माशाच्या अंगावर असतात तसे अतिसूक्ष्म खवले असतात. उष्ण पाणी, साबण आणि घुसळण ही तिन्ही एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात व वस्त्र आटून घट्ट होते. एकदा आटलेले वस्त्र पूर्ववत होत नाही. यास्तव लोकरीचे वस्त्र थंड वा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवावे व सपाट पसरून वाळवावे. ज्या घरी सारे कपडे यंत्रात एकत्र धुतले जातात, तेथे शुद्ध लोकरीची भेट देणे म्हणजे भेटीबरोबर चिंताही देणे होय.

दुसरी गोष्ट हवेची. अंधेरी-बोरिवलीकडे अथवा घाटकोपर-मुलुंडकडे राहणाऱ्यास लोकर किती लागते? सांताक्रूझ येथे 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता. परंतु अशी रात्र आपल्याकडे विरळाच. मुलुंडच्या शेजारी ठाण्यास 1925 साली रेमंडची लोकरी कापडाची गिरणी सुरू झाली व पुढे ती बंदही पडली. पण तिचे कापड देशभर जात असे. गरम वस्त्र जवळ तयार होणे आणि आपणास त्याची गरज असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तेव्हा विणण्यापूर्वी, ज्यास द्यावयाचे तो मनुष्य कोठे राहतो, हे आधी पाहावे. आजोबा नाशकास असतील तर लोकरीची कानटोपी त्यांस खचित आवडेल; शेजारच्या घरातील बाळास मात्र सुती टोपडे बरे.

आता सुतांचे प्रकार पाहू. बाजारात सामान्यतः तीन मिळतात. पहिली खरी लोकर. ती ऊब देते, ताणली तरी पुन्हा आपल्या आकारास येते व सहसा भडकून पेटत नाही. पण लोकर तितकी एकसारखी नसते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. तिचे सूत कातून, त्यास चिंचोक्याची खळ देऊन विणकर घोंगडी विणतात. ती मेंढपाळास पावसाथंडीत उपयोगी पडते, परंतु तान्ह्याच्या गालास टोचेल. मेरिनो मेंढीची लोकर मऊ, पण महाग. दुसरे ॲक्रिलिक. हे खनिज तेलापासून बनविलेले कृत्रिम सूत असून आपल्या दुकानांत ‘लोकर’ म्हणून बहुधा हेच मिळते. ते स्वस्त, धुण्यास सोपे, व कसर त्यास खात नाही. मात्र घाम शोषीत नाही आणि विस्तवाजवळ वितळते, म्हणून चुलीजवळ वापरावयाच्या वस्तू ह्याच्या कधीही विणू नयेत. तिसरे सुती सूत. ते घाम शोषते व आपल्या दमट हवेस मानवते; परंतु जड असते व लोकरीसारखे ताणत नाही, म्हणून नवशिक्याचा हात प्रथम थोडा दुखतो.

काय विणावे, ह्याविषयी आमचा नियम असा की, पहिली वस्तू चौकोनी असावी: हातपुसणे, गळपट्टा किंवा बाळाचे दुपटे. दुसरी कानटोपी, तीस पन्नास ग्रॅम सूत पुरते. स्वेटर तिसरा. बाळाच्या वस्तूंस गळ्याशी लांब नाडी, सैल गुंड्या किंवा सुटणारे गोंडे लावू नयेत, आणि ज्यात इवली बोटे अडकतील अशी मोठ्या भोकांची जाळीदार वीण टाळावी.

स्वेटरास हात घालण्यापूर्वी दहा सेंटिमीटरांचा नमुना विणून टाके मोजावे. मुलांस हा वेळेचा अपव्यय वाटतो, म्हणून हिशेबच मांडतो. समजा, पुस्तकात दहा सेंटिमीटरांत 22 टाके सांगितले आहेत व स्वेटराचा घेर 65 सेंटिमीटर हवा आहे. म्हणजे 143 टाके झाले. आता तुमचा हात सैल असून दहा सेंटिमीटरांत 20 च टाके बसत असतील, तर त्याच 143 टाक्यांचा घेर साडेएकाहत्तर सेंटिमीटर होईल. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर साडेसहा सेंटिमीटर ढगळ झाला! अशा वेळी बारीक सुई घ्यावी. आपल्याकडे सुयांवर पुष्कळदा जुने इंग्रजी क्रमांक असतात व ते उलटे चालतात: 8 क्रमांकाची सुई 4 मिलिमीटर जाड, तर 14 क्रमांकाची 2 मिलिमीटर. तसेच सारे सूत एकदमच घ्यावे व प्रत्येक गुंड्याच्या वेष्टनावरील लॉट क्रमांक एकच आहे हे पाहावे. रंगाचा घाणा बदलला की पाठ एका छटेची व बाही दुसऱ्या छटेची होते.

आता पालकांकरिता दोन शब्द. विणणाऱ्यास भेट म्हणून दिसेल त्या रंगाचा एकच गुंडा आणू नये. एका गुंड्यात स्वेटर होत नाही, व पुढे तो रंग मिळत नाही. सूत द्यावयाचे तर आधी विचारून, पुरेसे द्यावे. सहा वर्षांच्या मुलाच्या स्वेटरास सुमारे अडीचशे ग्रॅम लागते. त्याहून बरी भेट म्हणजे हत्यारे. दोन टोके लवचीक दोरीने जोडलेली गोल सुई घ्यावी. वस्त्राचा भार मांडीवर राहतो व लोकलच्या गर्दीत शेजारणीस कोपर लागत नाही. निसरड्या सुतास बांबूच्या सुया बऱ्या. घरातील आजी विणीत असतील तर त्यांस खुर्चीजवळ चांगला दिवा द्यावा. आणि “मला एक स्वेटर विणून दे” असे सहज म्हणण्यापूर्वी एक गणित करावे: वर सांगितलेल्या घेराचा, चाळीस सेंटिमीटर लांबीचा स्वेटर घेतला, तर दहा सेंटिमीटरांस 28 ओळी धरून 112 ओळी होतात, बाह्या सोडूनच सोळा हजार टाके झाले.

आपल्या प्रांतातील मुलींच्या शिक्षणात सुईदोऱ्यास जुने स्थान आहे. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत 1824 साली मुलींची शाळा काढली. 1827 च्या अखेरीस मिस सिंथिया फरार येथे आल्या व पुढे अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, त्यांनी शाळा चालविल्या. अशा मिशन शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीने सुईकामही शिकवीत. हेतू हा की, हाताने केलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडावी.

प्रेषितांच्या कृत्यांच्या 9 व्या अध्यायात दुर्कस नावाच्या स्त्रीची कथा आहे. ती मरण पावली तेव्हा गावातील विधवा रडत उभ्या राहिल्या, आणि तिने त्यांच्याकरिता केलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी पेत्रास दाखविली. ती वस्त्रे कोणास हवी आहेत हे दुर्कसेस ठाऊक होते, म्हणूनच ती जपून ठेवली गेली होती.

आमच्या त्या विद्यार्थिनीने गेल्या पावसाळ्यात पेटीतून सुया पुन्हा काढल्या. ह्या खेपेस तिने भावास सुती दुपटे विणले आहे. ते आठवड्यातून दोनदा धुतले जाते, आणि बाळ ते सोडून झोपत नाही.