क्वेरी स्ट्रिंगचा ऑब्जेक्ट होतो कसा?

पुस्तकविक्रीच्या एखाद्या संकेतस्थळावर शोध घेतला, की पत्त्याच्या शेवटी अशी शेपटी लागते:

?शहर=पुणे&विषय=कथा&विषय=कविता&पान=2

ही क्वेरी स्ट्रिंग. प्रोग्रॅमला ती नुसता सलग मजकूर दिसते. त्यातून नाव आणि मूल्य यांचा ऑब्जेक्ट काढायचा, तर पायऱ्यांचा क्रम चुकवून चालत नाही.

आधी हद्द ठरवायची. पहिल्या ? नंतरचा भाग घ्यायचा आणि # आले तर तिथेच थांबायचे. # पासूनचा तुकडा सर्व्हरकडे जातच नाही. मग & जिथे जिथे येईल तिथे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा पहिल्या = पाशी तोडायचा. पहिल्याच, कारण मूल्यातही = असू शकते.

यानंतर डीकोडिंग. ब्राउझर देवनागरी वाचनीय दाखवत असला, तरी पाठवताना ती यूटीएफ-८ बाइटांत बदलतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट % व दोन हेक्स अंकांनी लिहितात. ‘पुणे’मध्ये प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत; म्हणून प्रवासात त्याची ३६ अक्षरे होतात. फॉर्ममधून आलेल्या मजकुरात स्पेसच्या जागी + असतो. तो डीकोडिंगच्या आधी बदलून घ्यावा. मूल्यातला & हा %26 म्हणून येतो. आधी डीकोड करून मग तुकडे पाडले, तर ‘चहा & कॉफी’ मधोमध तुटेल.

जावास्क्रिप्टमध्ये तुकडे पाडण्याचे आणि डीकोडिंगचे काम यूआरएलसर्चपॅराम्स करते. २०१९पासून भाषेत असलेल्या ऑब्जेक्ट.फ्रॉमएंट्रीजला ते दिले, की एका ओळीत ऑब्जेक्ट तयार. पण ऑब्जेक्टमध्ये एका नावाला एकच जागा असते. ‘विषय’ दोनदा आला, तर शेवटचा ‘कविता’ उरतो आणि ‘कथा’ नाहीशी होते, तीही एरर न देता. सगळी मूल्ये हवी असतील, तर गेटऑल वापरावे. पायथनचे पार्स_क्यूएस मात्र प्रत्येक नावासाठी यादीच देते. कोणत्या नावाला यादी हवी, हे आधीच ठरवावे. दोन मूल्ये आली तरच यादी करायची, असे लिहिले, तर एकच विषय निवडणाऱ्या वाचकापाशी पुढचा कोड अडतो.

शेवटी प्रकार. क्वेरी स्ट्रिंगमधून येते ते सारे मजकूरच. पान ‘2’ मध्ये 1 मिळवले, तर जावास्क्रिप्ट ‘21’ देते. ‘फॉल्स’ हा शब्दही रिकामा नसल्यामुळे खराच धरला जातो. कोणी देवनागरी ‘२’ लिहिला, तर नंबर फंक्शनला तो संख्या म्हणून ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक मूल्याचे रूपांतर स्वतः करावे आणि ते जमले का, तेही तपासावे.

पत्ता कोणीही हाताने बदलू शकतो, हे विसरू नका. अपेक्षित नावांची यादी कोडमध्ये ठेवा, तेवढीच घ्या आणि मूल्य तपासल्याशिवाय डेटाबेसपर्यंत जाऊ देऊ नका.