‘द’ कधी लावायचा?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तरी जळगाव-धुळ्याची मुलं ‘द’पाशी अडतात. साहजिकच आहे, मराठीत काय, अहिराणीत काय, नामाआधी असा शब्द सक्तीचा नाहीच. नियम घोकून घेण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवावं: ऐकणाऱ्याला नेमकं कोणतं, ते कळलंय का? ‘आय बॉट अ बनाना’ म्हणताना केळं त्याच्यासाठी नवं असतं. पुढे ‘द बनाना वॉज स्वीट’, कारण आता तेच केळं. आवड सांगताना मात्र ‘आय लाइक बनानाज’; तिथे ‘द’ नको. खरा वेळ या फरकावर द्यावा. नावांचं तेवढं पाठच करावं लागतं: द तापी, द गिरणा, द पांझरा, पण जळगाव, धुळे नुसतेच.